अपरिचिताची परीक्षा : अंकवाचक यंत्रांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

यंत्रास चित्र ओळखावयास शिकविणे, या उद्योगाचा इतिहास सामान्यतः पद्धतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक रचना निघाली, तिने चुकांचे प्रमाण इतके खाली आणले, पुढे तिच्याहून सरस रचना निघाली, अशी ही मालिका असते. ही मालिका खोटी नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट झाकली जाते. चुकांचे प्रमाण ज्या परीक्षेत मोजले गेले त्या परीक्षेचे प्रश्न कोठून आले, आणि शिकविणारा व प्रश्नपत्रिका काढणारा एकच होता की काय, ही चौकशी त्या मालिकेत होत नाही. प्रस्तुत लेखात ती चौकशी करावयाचा विचार आहे. विषय फार मोठा असल्यामुळे हस्तलिखित अंक वाचणाऱ्या यंत्रांचे प्रकरण मध्यवर्ती धरले असून इतर उदाहरणे त्याच्या अनुषंगाने घेतली आहेत.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘अपरिचित’ या शब्दाचे येथे दोन अर्थ संभवतात. पेशवेकालीन मोडी वाचण्यात मुरलेल्या अभ्यासकाच्या हाती त्याच काळातील, परंतु त्याने पूर्वी न पाहिलेला कागद आला, तर तो कागद अपरिचित खरा. तथापि त्याचा प्रकार परिचित आहे. त्याच अभ्यासकाच्या हाती शिवकालीन मोडीचा कागद आला, तर केवळ कागदच नव्हे, तर कागदाचा प्रकारही अपरिचित ठरतो. अक्षरांची मूळ ओळख तीच असली, तरी वळणे, जोडण्या आणि शाईचा ओघ बदललेला असतो. पहिल्या प्रसंगी त्याच्या अभ्यासाची परीक्षा होते. दुसऱ्या प्रसंगी त्याला अक्षर समजले आहे की केवळ वळण पाठ झाले आहे, याची परीक्षा होते. यंत्रांच्या इतिहासात पहिली परीक्षा लवकर सिद्ध झाली, दुसरी एकदा समोर येऊन बाजूला सारली गेली, आणि सुमारे दोन दशकांनंतर तिला पुन्हा बोलवावे लागले. तिचा हा प्रवास पद्धतींच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

फ्रँक रोझेनब्लाट याने बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल प्रयोगशाळेत १९५७ पासून ‘परसेप्ट्रॉन’ या यंत्राची उभारणी आरंभिली. त्या यंत्राचा डोळा म्हणजे वीस रांगांत प्रत्येकी वीस, अशा ४०० प्रकाशविद्युत् घटांची चौकट होती. यंत्रास नियम सांगावयाचे नाहीत, उदाहरणे दाखवावयाची व चुकल्यास अंतर्गत जोडण्यांचे वजन बदलावयाचे, ही कल्पना त्यात मूर्त झाली. उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राची परीक्षा त्याच उदाहरणांवर घेणे म्हणजे विद्यार्थ्यास सोडवून दिलेलेच गणित परीक्षेत घालणे होय, ही गोष्टही लवकरच ध्यानात आली. बेल प्रयोगशाळेतील हायलीमन याने ५० व्यक्तींकडून प्रत्येकी २६ रोमन अक्षरे व १० अंक लिहवून घेऊन १८०० चिन्हांचा संग्रह केला. नमुन्यांचा किती भाग शिक्षणासाठी व किती परीक्षेसाठी राखावा, याची संख्याशास्त्रीय चर्चा त्याने १९६२ साली प्रसिद्ध केली. शिक्षणाचे नमुने वेगळे आणि कसोटीचे नमुने वेगळे, हा दंडक अशा रीतीने रूढ होऊ लागला.

या दंडकाला गणिताचा भक्कम आधार मॉस्कोमध्ये मिळाला. व्लादिमीर वाप्निक आणि अलेक्सी चेर्वोनेन्किस यांनी १९६८ मध्ये संक्षेपाने व १९७१ मध्ये सविस्तरपणे असे दाखवून दिले की, शिकणाऱ्या यंत्राची लवचिकता मर्यादित असेल आणि नमुने पुरेसे असतील, तर शिकलेल्या नमुन्यांवरील चुकांचे प्रमाण व न पाहिलेल्या नमुन्यांवरील चुकांचे प्रमाण यांतील अंतर हवे तितके लहान करता येते. हा सिद्धान्त या शास्त्राचा एक आधारस्तंभ आहे. परंतु त्याला एक अट जोडलेली आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म त्या अटीत आहे. शिकविण्याचे नमुने व पुढे येणारे नमुने एकाच अज्ञात संभाव्यता-वितरणातून, परस्परांशी निरपेक्षपणे, निघालेले असले पाहिजेत. साध्या शब्दांत सांगावयाचे, तर दोन्ही नमुने एकाच विहिरीचे पाणी असावे लागते. विहीर बदलली तर काय होईल, याविषयी हा सिद्धान्त मौन पाळतो. अर्थात यात सिद्धान्ताचा दोष नाही. अट विसरून निष्कर्ष तेवढा उचलणाऱ्याचा आहे.

३

ही अट व्यवहारात मोडते हे कसे दिसून आले, याची एक विलक्षण नोंद उपलब्ध आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्यास हाताने भरलेले तक्ते यंत्राकरवी वाचून घ्यावयाचे होते. त्यासाठी तेथील राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, हस्तलिखित अंक व अक्षरे यांचे संग्रह तयार केले. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. पहिला संग्रह जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या हस्ताक्षराचा होता. दुसरा माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षराचा होता. १९९२ साली भरविलेल्या तुलनात्मक परिषदेत पहिला संग्रह शिकविण्यासाठी व दुसरा परीक्षेसाठी, अशी योजना होती.

या योजनेचा अर्थ नीट पाहावा. तक्ते भरणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय, अशा माणसांचे अंक पाहून यंत्र शिकले, आणि परीक्षेत त्याच्यापुढे शाळकरी मुलांचे अंक ठेवले गेले. कर्मचाऱ्यांचे अंक स्वच्छ व सुबक होते. विद्यार्थ्यांचे अंक घाईचे, वाकडेतिकडे व परस्परांहून फार भिन्न होते. पहिल्या संग्रहावर शिकलेल्या यंत्रांना दुसरा संग्रह स्पष्टपणे जड गेला. भाषा तीच, दहा चिन्हे तीच, देश तोच. केवळ लिहिणाऱ्यांचा वर्ग बदलला होता. प्रकाराने अपरिचित अशा सामग्रीवर यंत्राची झालेली ही एक आरंभीची मोठी जाहीर परीक्षा होती, आणि ती कोणी हेतुपुरस्सर योजिली होती असेही दिसत नाही.

त्यानंतर जे घडले ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. बेल प्रयोगशाळेतील यान लकून यांनी १९८९ मध्येच बफेलोच्या टपाल कचेरीतून जाणाऱ्या पाकिटांवरील अंक वाचणारे न्यूरल नेटवर्क आपल्या सहकाऱ्यांसह तयार केले होते. ७,२९१ अंकांवर ते शिकले होते व २,००७ अंकांवर त्याची कसोटी झाली होती. पुढे लकून, कॉरिना कॉर्टेस आणि ख्रिस्तोफर बर्जेस यांनी निस्टच्या दोन संग्रहांतून एक नवा संच बांधला. तोच ‘एम्निस्ट’ होय. त्यात शिकविण्याचे ६०,००० अंक आहेत, त्यांपैकी ३०,००० कर्मचाऱ्यांचे व ३०,००० विद्यार्थ्यांचे. कसोटीच्या १०,००० अंकांत दोन्ही वर्गांचे प्रत्येकी ५,००० आहेत. प्रत्येक अंक २८ × २८ पिक्सेलच्या चौकटीत मध्यभागी आणून बसविलेला आहे.

संच असा मिसळण्याचे कारण त्याच्या कर्त्यांनी लपविलेले नाही. कर्मचाऱ्यांचा संग्रह सोपा व विद्यार्थ्यांचा अवघड असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. कोणता भाग शिक्षणास घेतला व कोणता परीक्षेस, यावर निष्कर्ष अवलंबून राहू नयेत, म्हणून मिश्रण आवश्यक झाले, असे त्यांचे म्हणणे होते. एका पद्धतीची दुसरीशी तुलना करणे हाच हेतू धरला, तर हे म्हणणे पूर्णपणे न्याय्य आहे. दोन कुस्तीगिरांचे बळ पाहावयाचे असेल, तर आखाडा सारखाच असला पाहिजे. शिकविण्याच्या भागातील लेखनिक कसोटीच्या भागात येऊ नयेत, ही दक्षताही त्यांनी घेतली होती. म्हणजे पहिल्या अर्थाची परीक्षा त्यांनी कसोशीने जपली.

परंतु त्याच मिश्रणाने दुसऱ्या अर्थाची परीक्षा नाहीशी झाली. माणसे नवी राहिली. माणसांचे वर्ग मात्र जुनेच झाले. कर्मचारी व विद्यार्थी यांच्यामधील जी दरी १९९२ साली सर्वांना अडखळवीत होती, ती दरी ओलांडण्याचा उपाय सापडण्यापूर्वीच बुजविली गेली. तीही यंत्राच्या अंगी नवे सामर्थ्य आणून नव्हे, तर प्रश्नपत्रिकेची फेररचना करून. यात कोणी अप्रामाणिकपणा केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. निर्णय उघड होता, सकारण होता आणि त्याची नोंदही होती. तथापि ज्या हजारो अभ्यासकांनी पुढे तो संच वापरला, त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत केवळ अंक पोहोचले. अंकांची हकीकत पोहोचली नाही.

४

पुढील काळ यशाचा होता. १९९८ मध्ये लकून व सहकाऱ्यांच्या ‘लेनेट-५’ या रचनेने एम्निस्टवरील चुका ०.९५ टक्क्यांवर आणल्या. मूळ अंक किंचित वाकवून, ताणून, सरकवून तयार केलेले ५,४०,००० कृत्रिम नमुने शिक्षणात मिसळल्यावर हे प्रमाण ०.८ टक्क्यांवर आले. २०१२ पर्यंत स्वित्झर्लंडमधील सिरेशान, मायर व श्मिडहुबर यांनी ते ०.२३ टक्क्यांपर्यंत नेले. त्याच वर्षी ‘इमेजनेट’ स्पर्धेत, म्हणजे एक हजार वर्गांतील सुमारे बारा लाख छायाचित्रांवर शिकवून घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत, क्रिझेव्हस्की, सुत्स्केवर व हिंटन यांच्या नेटवर्कने पहिल्या पाच उत्तरांत बरोबर उत्तर नसण्याचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले. त्यांच्या खालोखालच्या स्पर्धकाचे प्रमाण २६.२ टक्के होते. या यशाची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. परंतु ही सर्व मापे एकाच विहिरीच्या पाण्याची आहेत, हे विसरता कामा नये.

या मापांवर किती विश्वास ठेवावा, याचाही शोध पुढे घेतला गेला. २०१९ मध्ये बेंजामिन रेक्ट व सहकाऱ्यांनी इमेजनेटच्या मूळ कृतीचे शक्य तितके काटेकोर अनुकरण करून नवा कसोटी-संच गोळा केला. तेव्हा जुन्या संचावर नावाजलेल्या यंत्रांचे यश ११ ते १४ टक्क्यांनी घसरले. यंत्रांचा परस्परांतील क्रम मात्र बहुतांशी कायम राहिला. त्याच वर्षी छवी यादव व लिऑन बोतू यांनी एम्निस्टच्या जन्मवेळी बाजूस पडून हरवलेले कसोटीचे ५०,००० अंक निस्टच्या मूळ संग्रहांवरून पुन्हा बांधून काढले. तेथेही चुका थोड्या वाढल्या, पण क्रम टिकला. या दोन्ही प्रयोगांतून एक दुहेरी निष्कर्ष निघतो. तुलनेचे साधन म्हणून हे संच विश्वासास पात्र ठरले, म्हणजे त्यांच्या कर्त्यांचा हेतू सफल झाला. परंतु यंत्र बाहेरच्या जगात किती चालेल याचे माप म्हणून त्यांचा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. शास्त्राने मात्र पुष्कळ काळ पहिल्या कामाचे माप दुसऱ्या कामासाठी वापरले.

५

बाजूस सारलेला प्रश्न २०१० च्या सुमारास परत आला. केट सेन्को व सहकाऱ्यांनी त्या वर्षी कचेरीतील ३१ प्रकारच्या वस्तूंची चित्रे तीन ठिकाणांहून घेतली : विक्रीच्या संकेतस्थळावरून, चांगल्या कॅमेऱ्याने आणि साध्या वेबकॅमने. वस्तू त्याच असूनही एका ठिकाणी शिकलेले यंत्र दुसऱ्या ठिकाणी अडखळते, हे त्यांनी दाखविले. पुढील वर्षी अँटोनियो तोराल्बा आणि अलेक्सी एफ्रॉस यांनी एक मार्मिक प्रयोग केला. बारा प्रसिद्ध चित्रसंचांतून चित्रे घेऊन त्यांनी यंत्रास चित्रात काय आहे हे न विचारता, चित्र कोणत्या संचातील आहे एवढेच विचारले. केवळ अंदाजाने उत्तर दिल्यास सुमारे ८ टक्के बरोबर यावीत. यंत्राची ३९ टक्के बरोबर आली. प्रत्येक संच स्वतःला जगाचे प्रतिबिंब म्हणवीत होता. प्रत्यक्षात प्रत्येकावर त्याच्या संग्राहकाच्या सवयींचा ठसा होता, आणि तो ठसा यंत्रास वाचता येत होता.

एम्निस्टवरही ही परीक्षा उलटली. यारोस्लाव्ह गानिन, व्हिक्टर लेंपित्स्की व सहकाऱ्यांनी त्याच अंकांच्या पार्श्वभूमीत रंगीत छायाचित्रांचे तुकडे मिसळून एक नवा संच केला. माणसाला त्यातील अंक वाचण्यास फारसा त्रास पडत नाही. परंतु मूळ काळ्यापांढऱ्या अंकांवर शिकलेल्या त्यांच्या नेटवर्कचे यश येथे सुमारे ५२ टक्क्यांवर आले. यंत्राने अंकाबरोबर अंकामागची कोरी पाटीही पाठ केली होती.

अंक चुकला तर एखादे पत्र चुकीच्या गावी जाते. परंतु हीच पद्धत रुग्णालयात गेली की प्रश्नाचे गांभीर्य पालटते. जॉन झेक व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तीन अमेरिकन संस्थांतील छातीची १,५८,३२३ क्ष-किरण चित्रे घेऊन न्यूमोनिया ओळखणारे नेटवर्क तपासले. तुलनेच्या पाचपैकी तीन प्रसंगी बाहेरच्या संस्थेतील चित्रांवर यंत्राची कामगिरी लक्षणीय रीतीने घसरली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चित्र कोणत्या संस्थेतील आहे हे नेटवर्क जवळजवळ अचूक सांगू शकत होते. एका संस्थेच्या चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर दुसरीत सुमारे १ टक्का होते. अशा स्थितीत चित्राच्या कोपऱ्यातील धातूच्या खुणेवरून संस्था ओळखली, की फुप्फुसाकडे न पाहताही रोगाचा बराचसा अंदाज बांधता येतो. यंत्र पुष्कळ वेळा बरोबर उत्तर देईल. परंतु त्या उत्तराचा रोग्याच्या फुप्फुसाशी संबंध असेलच असे नाही. नव्या रुग्णालयात ती खूण नसते, रोगी मात्र असतो.

६

येथे न्यायशास्त्राच्या अभ्यासकास एका जुन्या वादाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. व्याप्तीचे ज्ञान कशाने होते? पुनःपुन्हा पाहिल्याने, म्हणजे भूयोदर्शनाने, होते असे म्हणावे, तर नैयायिक वज्रमण्याचा दाखला देतात. पार्थिव वस्तूवर लोखंडाने रेघ उमटते, हे शेकडो वेळा पाहिले तरी हिऱ्यापाशी तो नियम मोडतो. म्हणून केवळ दर्शनांची संख्या व्याप्तीला पुरेशी नाही. व्यभिचार आढळत नाही ना, आणि संबंधामागे उपाधी दडलेला नाही ना, हे पाहावे लागते. उपाधीचे प्रसिद्ध उदाहरण ओल्या सरपणाचे आहे. अग्नी असेल तेथे धूर असतो, हा नियम चुलीपाशी उभे राहून खरा वाटतो. तापलेल्या लोखंडी गोळ्यापाशी तो खोटा ठरतो. कारण धुराचा संबंध अग्नीशी स्वाभाविक नसून ओल्या सरपणाच्या संयोगाने आलेला, म्हणजे औपाधिक आहे. गंगेशोपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’त या विषयाचा सूक्ष्म ऊहापोह आहे.

क्ष-किरण चित्रातील खुणेचा व न्यूमोनियाचा संबंध नेमका याच जातीचा आहे. तो स्वाभाविक नाही. त्या रुग्णालयात कोणते रोगी येतात या उपाधीमुळे तो उत्पन्न झाला आहे. मार्टिन आर्जोव्हस्की, लिऑन बोतू व सहकारी यांनी २०१९ मध्ये दिलेले गाय व उंट यांचे उदाहरणही असेच आहे. गाईंची छायाचित्रे बहुधा हिरव्या कुरणातील व उंटांची वाळवंटातील असतात. तेव्हा यंत्र हिरवळीलाच गाय समजू लागते, आणि वाळूवर उभ्या असलेल्या गाईला ओळखत नाही. त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथील रॉबर्ट गायर्होस व सहकाऱ्यांनी मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवून चित्र तयार केले. माणसांनी त्यास मांजर म्हटले. इमेजनेटवर शिकलेल्या नेटवर्कने हत्ती म्हटले. एका विहिरीच्या पाण्यावर आकृती आणि पोत दोन्ही सारखेच उपयोगी पडत होते. म्हणून यंत्राने कोणता आधार धरला आहे, हे परीक्षेत कळण्याचा मार्गच नव्हता.

हे साम्य दाखविताना मर्यादाही सांगितली पाहिजे. प्राचीन नैयायिकांनी यंत्रशिक्षणाचे शास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असा दावा येथे अभिप्रेत नाही. त्यांचा विचार अनुमान करणाऱ्या पुरुषाविषयी होता, आणि त्याला शंका घेता येते असे त्यांनी गृहीत धरले होते. यंत्र आपण होऊन शंका घेत नाही. त्याच्या वतीने ती शंका परीक्षा रचणाऱ्याने घ्यावयाची असते.

७

प्रश्न मान्य झाल्यावर उपायही पुष्कळ निघाले. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील. पहिला, नमुने कृत्रिम रीतीने बदलून शिक्षणात विविधता आणणे. लेनेटच्या काळापासून तो चालत आला आहे, आणि गायर्होस यांनी चित्रांचे पोत बदलून नेटवर्कचे लक्ष आकृतीकडे वळविले तोही याचाच विस्तार होय. दुसरा, नव्या ठिकाणची चित्रे उत्तरांवाचून का होईना हाती असतील, तर दोन्ही ठिकाणांतील भेद न दिसेल असे अंतर्गत रूप यंत्रास शिकविणे. गानिन व लेंपित्स्की यांच्या या युक्तीने वर सांगितलेले ५२ टक्क्यांचे यश सुमारे ७७ टक्क्यांवर गेले. तिसरा प्रकार अधिक कठीण. नवे ठिकाण मुळीच पाहावयाचे नाही. अनेक जुन्या ठिकाणांत जे समान राहते तेवढेच धरावयाचे. २०११ मध्ये ब्लँचार्ड, ली व स्कॉट यांनी व २०१३ मध्ये म्युआंडेट, बाल्डुझी व शोएलकोफ यांनी या प्रश्नाची मांडणी केली, आणि २०१७ मध्ये छायाचित्र, रंगचित्र, व्यंगचित्र व रेखाटन अशा चार शैलींचा एक कसोटी-संच निघाला. तीन शैलींवर शिकावे व चौथीवर परीक्षा द्यावी, अशी त्याची योजना आहे. १९९२ ची परीक्षा अशा रीतीने, या वेळी हेतुपुरस्सर, पुन्हा घेतली जाऊ लागली.

या तिसऱ्या प्रकाराच्या वाट्याला एक चटका लावणारा निकाल आला. २०२० मध्ये ईशान गुलराजानी व डेव्हिड लोपेझ-पाझ यांनी गेल्या दशकातील नामांकित पद्धती एकाच शिस्तीने तपासल्या. प्रत्येकीला सारखी संधी दिली, आणि अंतिम परीक्षेचे उत्तर आधी पाहून पद्धतीची मोजपट्टी जुळविण्यास वाव ठेवला नाही. तेव्हा, सर्व ठिकाणांची सामग्री एकत्र करून नेहमीच्या रीतीने काळजीपूर्वक शिकविलेले साधे यंत्र त्या सर्वांच्या तोडीस तोड ठरले. नव्या पद्धती निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. प्रगती म्हणून जे मोजले गेले त्याचा बराच भाग परीक्षेच्या सैलपणातून आला होता, एवढाच त्याचा अर्थ आहे.

चौथा उपाय विस्ताराचा. २०२१ मध्ये ‘ओपनएआय’ संस्थेने ‘क्लिप’ हे प्रतिमान प्रसिद्ध केले. महाजालावरील ४० कोटी चित्रे व त्यांच्या सोबतचा मजकूर यांवर ते शिकले होते. इमेजनेटचे एकही उदाहरण न शिकविता त्याने तेथे जुन्या नामांकित नेटवर्कची बरोबरी केली, आणि रेखाटनांसारख्या बदललेल्या चित्रांवर तर त्याला मागे टाकले. परंतु त्याच कर्त्यांनी प्रांजळपणे एक गोष्ट नोंदविली आहे. एम्निस्टवर क्लिपचे यश केवळ ८८ टक्के होते. पिक्सेलवर सरळ चालविलेली साधी रेषीय पद्धतही त्याहून सरस ठरते. शोध घेता असे आढळले की, त्या ४० कोटी चित्रांत एम्निस्टसारखी चित्रे जवळजवळ नव्हतीच. म्हणजे विस्ताराने अपरिचिताचा प्रश्न सोडविला नव्हता. परिचिताची सीमा फार दूर नेली होती. सीमेपलीकडे यंत्र पूर्वीसारखेच अडखळत होते. ज्या संचाने एके काळी हा प्रश्न दृष्टीआड केला, त्याच संचाने तो पुन्हा उघडा पाडावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

सिद्धान्ताच्या बाजूनेही हेच सांगितले गेले आहे. शै बेन-डेव्हिड व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नव्या ठिकाणच्या चुकांवर जी मर्यादा सिद्ध केली, तीत तीन पदे येतात : जुन्या ठिकाणच्या चुका, दोन ठिकाणांमधील अंतर, आणि दोन्ही ठिकाणी एकाच वेळी चालेल अशा सर्वोत्तम नियमाच्याही हातून होणाऱ्या चुका. पहिले पद आपण मोजू शकतो. दुसऱ्यासाठी नवे ठिकाण पाहावे लागते. तिसरे तर नव्या ठिकाणची उत्तरे कळल्यावाचून कळत नाही. कोणत्याही अपरिचितावर चालेल असे हमीचे यंत्र म्हणूनच गणिताने देता येत नाही. कोणत्या प्रकारचा बदल अपेक्षित आहे, हे माणसाने सांगावे लागते.

८

हा विषय आपल्याकडील अभ्यासकांस दूरचा वाटू नये. आपल्या टपालाचा सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. संस्कृत कवी म्हणूनही ते ज्ञात आहेत. पाकिटावर हे अंक कोणी देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजीत, आणि कोणी दोन्ही मिसळून. घाईने लिहिलेला देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि शून्य दोन्हीकडे एकच. एम्निस्टवर ९९ टक्क्यांहून अधिक गुण मिळविणाऱ्या यंत्राने असे पाकीट पाहिले, तर त्याच्या गुणांना काही अर्थ उरत नाही.

या दृष्टीने कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील उज्ज्वल भट्टाचार्य व बिद्युत बरन चौधुरी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम उल्लेखनीय आहे. त्यांच्या देवनागरी संचात १,०४९ व्यक्तींनी लिहिलेले २२,५५६ अंक आहेत. हे अंक केवळ प्रयोगासाठी चौकटीत लिहवून घेतलेले नसून, टपाल व अर्ज यांसारख्या प्रत्यक्ष व्यवहारातील कागदांवरून आलेले आहेत. देवनागरी, बंगाली व इंग्रजी अंक मिसळून आले तर काय करावे, हा प्रश्नही त्यांनी पुढे ठेवूनच घेतला. येथे लिपींचे मिश्रण परीक्षा सोपी करण्यासाठी केलेले नाही. व्यवहारातच ते आहे, म्हणून ते परीक्षेत आले. निस्टच्या दोन संग्रहांचे मिश्रण आणि हे मिश्रण यांतील भेद अभ्यासकाने मनात ठसवून घ्यावा.

९

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अपरिचिताची परीक्षा ही पद्धतीच्या प्रगतीतून आपोआप निघालेली गोष्ट नाही. ती प्रत्येक वेळी कोणीतरी निराळ्या प्रकारची सामग्री समोर ठेवल्यामुळे उभी राहिली. आणि ती सामग्री मिसळून टाकली, की प्रश्नही दिसेनासा झाला. म्हणून या शास्त्राच्या इतिहासकाराने रचनांच्या बरोबरीने संचांचाही इतिहास लिहिला पाहिजे.

दुसरे असे की, संच बांधणाऱ्याचे दायित्व शास्त्रज्ञाइतकेच दप्तरकाराचेही आहे. कागद कोणाच्या हातचा, कोठला, कोणत्या प्रसंगी लिहिलेला, हे टिपून ठेवल्यावाचून दप्तरातील कागदाला साधन म्हणून मोल येत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. एम्निस्टच्या कर्त्यांनी मिश्रण केले, पण मिश्रणाची हकीकतही लिहून ठेवली. निस्टने मूळ संग्रह जपले. म्हणूनच हरवलेले अंक पुढे बांधून काढता आले, आणि प्रस्तुत प्रकरणाची संगती लावता आली.

आणि शेवटी, यंत्र शिकविणाऱ्याने आपल्या सामग्रीतील निदान एक वर्ग, मग तो एक गाव असो, एक रुग्णालय असो वा एक पिढी असो, शिक्षणात न मिसळता परीक्षेसाठी बाजूला ठेवावा. त्याने गुण कमी दिसतील. परंतु १९९२ साली शाळकरी मुलांच्या वाकड्या अंकांनी जे गुण कमी केले, तेच यंत्राविषयी त्या वेळी मिळालेले खरे ज्ञान होते.